घोघ्याजवळचे पीरम बेट: दोन नकाशांवर दोन आकार का?

दांडियाबाजारकर (प्रश्न)

सर्व जाणकारांना नमस्कार.

सुरतजवळच्या हजीऱ्याहून रो-रो बोटीने भावनगरजवळच्या घोघ्याला जाताना, घोघा जवळ आल्यावर समुद्रात एक लांबट आणि अगदी बुटके बेट दिसते. त्यावर दीपस्तंभ आहे. वस्ती म्हणावी असे काही नजरेस पडत नाही. हे पीरम बेट. सारे आयुष्य वडोदऱ्यात काढूनही खंबातच्या आखाताकडे मी कधी लक्ष देऊन पाहिले नव्हते, त्यामुळे परतल्यावर नकाशे काढून बसलो आणि अधिकच गोंधळलो.

सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशावर पीरम म्हणजे एक बारीकशी फीत आहे. जहाजांसाठी छापल्या जाणाऱ्या सागरी नकाशावर मात्र त्याच फितीभोवती तिच्याहून पुष्कळ मोठा हिरवट पट्टा रंगवलेला आहे आणि त्या पट्ट्यात खाली रेघ मारलेले आकडे पेरलेले आहेत. उपग्रहाची चित्रे पाहावीत तर एका तारखेला बेट लहान, दुसऱ्या तारखेला मोठे, आणि एखाद्या चित्रात त्याच्या कडा गढूळ पाण्यात अशा मिसळलेल्या, की बेट कुठे संपते हे बोट ठेवून सांगता येऊ नये.

आमच्या मेहुण्यांचे ठाम मत असे, की बेट झिजत चालले आहे आणि मोठा आकार एखाद्या जुन्या पाहणीतला असणार. सौभाग्यवतींचे म्हणणे नेमके उलट आहे. नर्मदा, मही आणि तापी एवढा गाळ आणून टाकतात, तेव्हा बेट वाढतच असले पाहिजे, असे त्या म्हणतात. दोघांपैकी कोणाचे खरे, आणि दोन्ही नकाशांपैकी कोणता ग्राह्य धरावा, हे कोणी समजावून सांगेल का?

जुना_दर्यावर्दी

दांडियाबाजारकर, दोन्ही नकाशे ग्राह्य आहेत. फरक पाहणीच्या काळाचा नाही, पाण्याच्या पातळीचा आहे.

जमिनीच्या नकाशावर किनाऱ्याची रेषा म्हणजे साधारणपणे भरतीच्या पाण्याची रेषा. जी जमीन भरतीतही कोरडी राहते तेवढीच बेट म्हणून दाखवायची, असा तो हिशेब आहे. सागरी नकाशा काढणाऱ्याला वेगळीच चिंता असते. जहाजाच्या तळाखाली कमीत कमी किती पाणी उरेल, हे त्याला सांगायचे असते. म्हणून तो पाण्याची खोली ओहोटीच्या अगदी खालच्या पातळीपासून मोजतो. या दोन रेषांच्या मधला भाग, जो दिवसातून दोनदा बुडतो आणि दोनदा उघडा पडतो, तो म्हणजे आपण पाहिलेला हिरवट पट्टा. त्यातील ज्या आकड्यांखाली रेघ आहे ते पाण्याची खोली दाखवत नाहीत. ओहोटीच्या त्या पातळीपेक्षा तो खडक किती मीटर वर उघडा पडतो, हे ते दाखवतात. नवशिका खलाशी नेमका इथे फसतो. साध्या ‘४’ वरून तीन मीटर पाणी लागणारी बोट तरंगत जाईल, पण रेघ मारलेल्या ‘४’ वर ती ओहोटीला कोरडी बसेल.

मुंबईजवळच्या एखाद्या बेटाच्या बाबतीत हा फरक एवढा डोळ्यांत भरत नाही, कारण तिथे उधाणाची भरती आणि ओहोटी यांत साधारण चार-पाच मीटरचे अंतर असते. भावनगरच्या समुद्रात उधाणाच्या दिवसांत हेच अंतर दहा मीटरच्या वर जाते. तीन मजली घराएवढे पाणी सहा-सात तासांत चढते आणि तेवढ्याच सुमारास उतरते. किनाऱ्याचा उतार शंभरात एक एवढा सौम्य धरला, तर दहा मीटरच्या ओहोटीने एक किलोमीटर रुंदीची जमीन उघडी पडते. पीरमभोवती सपाट खडकाळ ओटा आहे, म्हणून बेट ओहोटीला फुगल्यासारखे दिसते.

उपग्रहाच्या चित्रांबद्दल एक गंमत सांगतो. पृथ्वीची पाहणी करणारे बहुतेक उपग्रह एखाद्या जागेवरून जेव्हा जातात तेव्हा जवळपास एकाच घटकेला, बहुधा सकाळी दहा-साडेदहाच्या सुमारास जातात. दुसरीकडे, एखाद्या बंदरात अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाची भरती दर पंधरवड्याला साधारण त्याच घटकेला येते. या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या, की उधाणाच्या दिवसांची सगळी चित्रे भरती-ओहोटीच्या एकाच टप्प्यावर टिपलेली मिळतात आणि भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या मंद भरतीच्या, दिवसांची दुसऱ्याच टप्प्यावर. तेव्हा चित्राची तारीख घेऊन आधी तिथी पाहावी, मग भावनगर बंदराचे भरतीचे कोष्टक पाहावे, आणि त्यानंतरच बेट वाढले की घटले यावर वाद घालावा. आपल्या मेहुण्यांना एवढे अवश्य सांगा.

कारेलीबाग_भूगोल

वरील उत्तर उत्तमच आहे. मी शाळेत भूगोल शिकवतो, म्हणून भरती इथेच एवढी का चढते आणि गाळाचे पुढे काय होते, या दोन गोष्टींची भर घालतो.

अरबी समुद्रातून येणारी भरतीची लाट दक्षिणेकडून खंबातच्या आखातात शिरते. आखाताचे तोंड साधारण ऐंशी किलोमीटर रुंद आहे आणि उत्तरेकडे ते नरसाळ्यासारखे निमुळते होत महीच्या मुखाशी संपते. रुंदीबरोबर खोलीही कमी होत जाते. आत शिरलेल्या पाण्याला पसरायला जागा नसल्यामुळे ते उंच चढते. शिवाय आखाताची लांबी आणि खोली अशी आहे, की परत फिरणारी लाट आणि नवी येणारी लाट एकमेकींना जोर देतात. भावनगरची भरती मुंबईच्या भरतीनंतर काही तासांनी येते ती या प्रवासामुळेच. पाद्रा-जंबुसरमार्गे कावी-कंबोईला जाऊन स्तंभेश्वर महादेवाचे देऊळ पाण्याखाली जाताना आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. पीरमचा हिरवट पट्टा बुडवणारे पाणी आणि ते शिवलिंग बुडवणारे पाणी ही एकाच लाटेची दोन टोके आहेत, एक आखाताच्या पश्चिम काठावर आणि दुसरे आपल्या बाजूला.

आता वहिनींच्या मुद्द्याकडे येतो. त्यांचा तर्क चुकीचा नाही, फक्त तो पीरमला लागू पडत नाही. गाळ भरपूर येतो, हे खरे. साबरमती, मही, नर्मदा आणि तापी या चार मोठ्या नद्या इथे रिकाम्या होतात; आपली विश्वामित्रीसुद्धा पावागडहून निघून, शहरातून वळणे घेत, पुढे ढाढरला मिळते आणि ढाढर याच आखातात जाते. म्हणजे २०२४ च्या ऑगस्टमधील पुरात आपल्या घरांतून जो गाळ काढावा लागला, त्याचा उरलेला वाटा अखेर त्याच पाण्यात गेला. परंतु आलेला गाळ जागेवर बसायला संथ पाणी लागते. भरतीचे आणि ओहोटीचे ओढ (प्रवाह) दिवसातून चार वेळा दिशा बदलतात आणि तळाचा गाळ पुन्हा पुन्हा उचलतात. पाणी बारमाही गढूळ दिसते ते त्यामुळे. ते केवळ पावसाळ्याच्या पुराचे काम नाही. हा गाळ नद्यांच्या मुखांशी, खाड्यांत आणि पूर्व किनाऱ्याच्या आडोशाला साचतो, ओढाच्या तोंडावर उभ्या असलेल्या खडकावर साचत नाही.

वहिनींच्या मनात जे बेट आहे ते भरूचजवळचे आलियाबेट असावे. नर्मदेच्या मुखातील ते बेट गाळानेच घडले आहे, आणि त्याच्या दक्षिणेची वाट गाळाने भरत गेल्यामुळे आता ते जमिनीला जवळपास जोडले गेले आहे. उंट आणि म्हशी पाळून जगणारे फकिराणी जत लोक तिथे राहतात. २०२२ च्या विधानसभा निवडणुकीत त्यांच्यासाठी एका मालवाहू कंटेनरमध्ये मतदान केंद्र उघडावे लागले होते, कारण तिथे सरकारी इमारतच नव्हती. तेलाच्या शोधासाठी समुद्रात खोदलेली देशातील पहिली विहीरही १९७० मध्ये याच आलियाबेटाजवळ घेतली गेली. एकाच आखातात एक बेट गाळाने वाढते आणि दुसरे खडकावर टिकून राहते. विद्यार्थ्यांना बेटांचे प्रकार शिकवताना लक्षद्वीप आणि अंदमानची उदाहरणे द्यायची आणि घरापासून काही तासांवर असलेली ही जोडी सोडून द्यायची, हे मला नेहमीच खटकत आले आहे. पाठ्यपुस्तकाला मात्र ते खटकत नाही.

घोघा-दहेज बोटीचे काय झाले, तेही या गाळाच्याच गोष्टीत येते. ती सेवा २२ ऑक्टोबर २०१७ रोजी सुरू झाली. पण दहेजच्या धक्क्यापाशी एवढा गाळ साचू लागला, की उपसून भागेना आणि सेवा थांबवावी लागली. नोव्हेंबर २०२० पासून बोट दहेजऐवजी हजीऱ्याहून सुटते. घोघ्याची बाजू खडकाची आणि दहेजची बाजू चिखलाची, एवढे ध्यानात घेतले तर हे असेच घडणार होते, हे कळते.

भूशास्त्र_फत्तेगंज

मेहुण्यांचा पक्ष कोणीतरी घ्यायला हवा, म्हणून लिहितो. बेट झिजत आहे, हे खरेच आहे. फक्त त्याचा पुरावा नकाशांच्या तुलनेत नाही, खडकात आहे.

पीरमचा पाया एकजिनसी नाही. तिथे मऊ चिकणमाती, वाळूचा खडक आणि गोट्यांचा कठीण खडक यांचे थर एकावर एक आहेत. नदीने वाहून आणलेले गोलसर गोटे वाळूत घट्ट सांधले जाऊन हा गोट्यांचा खडक बनतो. तोच बेटाला तोलून धरतो. लाटा खालची माती पोखरतात, वरचा कठीण थर काही काळ अधांतरी राहतो, मग त्याचा तुकडा मोडून खाली पडतो आणि तोच तुकडा पुढची काही वर्षे पायथ्याचे रक्षण करतो. झीज होते ती अशी अडखळत. गोट्यांचा थर नसता, तर या ओढापुढे पीरम कधीच टिकले नसते. बेटाच्या वरच्या अंगाला वाऱ्याने आणून टाकलेली वाळू आहे, ती निराळी. ती हलत राहते आणि उपग्रहाच्या चित्रात उगीच संभ्रम निर्माण करते.

खरे महत्त्व आहे ते त्या गोट्यांच्या थरात सापडणाऱ्या हाडांना. १८३६ मध्ये बॅरन कार्ल फॉन ह्युगेल या ऑस्ट्रियन प्रवाशाने इथल्या जीवाश्मांकडे प्रथम लक्ष वेधले. पुढे लेफ्टनंट फुलजेम्स यांनी ते गोळा केले आणि ह्यू फॉकनर या शास्त्रज्ञाने त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. जिराफाच्या कुळातील, पण दणकट बांध्याचा आणि डोक्यावर चार शिंगे असलेला ‘ब्रह्माथेरियम’ हा प्राणी फॉकनरने १८४५ मध्ये पीरमच्या जीवाश्मांवरूनच जगापुढे आणला आणि त्याच्या जातीला पीरमचेच नाव दिले. खालच्या जबड्यातून खाली वळलेले सुळे असणारा, हत्तीचा दूरचा नातलग डायनोथेरियम आणि गेंड्याच्या प्राचीन जाती यांचेही अवशेष इथे मिळाले आहेत. हे सारे मायोसीन कालखंडाच्या उत्तरार्धातील, म्हणजे ढोबळमानाने एक कोटी वर्षांच्या आगेमागचे असून हिमालयाच्या पायथ्याच्या शिवालिक टेकड्यांतील प्राण्यांशी त्यांचे जवळचे साम्य आहे.

याचा भूगोलाच्या दृष्टीने अर्थ असा, की पीरम ज्या खडकाचे बनले आहे तो समुद्रात तयार झालेला नाही. जिथे आज पाणी आहे तिथे मोठी नदी वाहत होती आणि तिच्या काठी जिराफकुळातील प्राणी चरत होते. बेटाचे बेटपण तर फारच अलीकडचे आहे. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुग ऐन भरात असताना, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा शंभर मीटरहून अधिक खाली होती. खंबातचे आखात एवढे उथळ आहे, की त्या काळी ते सबंध कोरडे असणार, नर्मदा आणि तापी त्यातून पुढे वाहत असणार आणि पीरम हा मैदानातील एक कठीण उंचवटा असणार. नंतर पाणी चढले, भोवतालची मऊ जमीन बुडाली किंवा धुपली, आणि उंचवटा तेवढा वर राहिला.

पूर्व काठ चिखलाचा आणि पश्चिम काठ खडकाचा का, याचे उत्तरही जमिनीखाली आहे. आखाताखालचा आणि आपल्या बाजूचा भूभाग ही खचत गेलेली खोल द्रोणी आहे. तिच्यात गाळाचे प्रचंड थर साचले आणि त्यांतच १९५८ मध्ये खंबातजवळ, तर १९६० मध्ये अंकलेश्वरला तेल लागले. सौराष्ट्राच्या काठावर मात्र बेसॉल्ट आणि त्यावरचे जुने थर उघडे आहेत.

एक व्यावहारिक सूचना. इंटरनेटवर रोमन लिपीत ‘पेरिम’ असा शोध घेतल्यास येमेनजवळच्या, बाब-अल-मंदेबच्या सामुद्रधुनीतील बेटाची माहिती पुढे येते. ते ज्वालामुखीचे बेट आहे आणि त्याचा पीरमशी काही संबंध नाही. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत या दोन बेटांची खिचडी झालेली मी पाहिली आहे.

वाडीकर

भूगोलाच्या चर्चेत इतिहास घुसवतो, याबद्दल क्षमस्व. पण पीरमचा इतिहास म्हणजे त्याच्या जागेचाच परिणाम आहे.

पहिल्या शतकातील एका ग्रीक दर्यावर्द्याच्या मार्गदर्शिकेत, ‘पेरिप्लस’ मध्ये, भरूचकडे जाणाऱ्या आखाताच्या तोंडाशी असलेल्या ‘बायोनेस’ नावाच्या बेटाचा उल्लेख आहे आणि ते बेट म्हणजे पीरम, असे सामान्यतः मानले जाते. त्याच वाक्याच्या पुढे आखाताच्या टोकाशी येऊन मिळणाऱ्या ‘माइस’ नदीचा, म्हणजे आपल्या महीचा उल्लेख येतो. भरूचच्या बंदरात शिरणे किती कठीण आहे, भरती गर्जना करत कशी येते आणि नांगरलेली जहाजे कशी उलटतात, याचे वर्णन त्यात बारकाईने केले आहे. परकी जहाजे आत आणण्यासाठी राजाच्या सेवेतील स्थानिक कोळी मोठ्या होड्या घेऊन सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे जात, भरतीबरोबर जहाज ओढत नेत आणि ओहोटी लागली की ठरलेल्या डोहांत नांगरून ठेवत. आजचे बंदरातील पायलट याहून वेगळे काय करतात?

ज्या वाटेने प्रत्येक जहाजाला जावेच लागते, त्या वाटेवरचे बेट ज्याच्या ताब्यात असेल त्याला जकात मिळते. चौदाव्या शतकात मोखडाजी गोहिलाने पीरमवर ठाणे करून हेच केले. १३४७ मध्ये महंमद तुघलकाच्या सैन्याशी घोघ्याजवळ लढताना तो मारला गेला. मस्तक पडल्यावरही धड लढत राहिले, अशी लोककथा आहे, आणि त्या पाण्यातून जाणारे खलाशी मोखडाजीचे स्मरण करून समुद्रात नारळ सोडतात, असे सांगितले जाते.

जुनी माहिती शोधणाऱ्यांनी भावनगर संस्थानाच्या दप्तरात वेळ घालवू नये. इंग्रजी अमलात घोघा संस्थानात नव्हते. ते अहमदाबाद जिल्ह्यात होते, त्यामुळे पीरमची नोंदही अहमदाबादच्या गॅझेटियरमध्ये सापडते.

दांडियाबाजारकर

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. घरी दोन्ही पक्षांना आपापल्या विजयाचे समाधान मिळाले असल्यामुळे शांतता आहे.

दोन उपप्रश्न विचारतो. भावनगरजवळच्या कोळियाकला निष्कलंक महादेवाच्या दर्शनासाठी ओहोटीत समुद्रातून चालत जातात, तसे पीरमला चालत जाता येते का? आणि सयाजीबागेतील संग्रहालयात जो निळ्या देवमाशाचा प्रचंड सांगाडा आहे, तो याच आखातातून आला का?

कारेलीबाग_भूगोल

होय, तो देवमासा गेल्या शतकातील चाळिशीच्या दशकात महीच्या मुखाशी वाहून आला होता. नरसाळ्याच्या रुंद तोंडातून आत शिरणे सोपे असते. पुढे पाणी उथळ होत जाते आणि ओहोटी वेगाने उतरते, तेव्हा एवढ्या मोठ्या प्राण्याला वळायला जागा उरत नाही.

जुना_दर्यावर्दी

चालत जाणे शक्य नाही. कोळियाकचा तळ किनाऱ्याला सलग जोडलेला आहे आणि ओहोटीला तो सगळा उघडा पडतो. पीरम आणि किनारा यांच्या मधल्या वाटेतून मात्र ओढ एवढ्या जोराने वाहतो, की त्याने तळ खरवडून खोल केला आहे. अगदी खालच्या ओहोटीतही तिथे पाणी राहते. दक्षिणेला अलंगच्या किनाऱ्यावर १९८३ पासून जहाजे तोडण्यासाठी आणतात, तिथे सपाट तळ आणि उधाणाची भरती या दोन्हींचा उपयोग होतो: भरतीच्या माथ्यावर जहाज पूर्ण वेगाने किनाऱ्यावर चढवायचे आणि ओहोटीने ते कोरडे पडू द्यायचे. पीरमच्या खडकाळ ओट्यावर तोच प्रयोग नकळत झाला, तर बोटीचा तळ फाटतो.

जायचेच असेल तर घोघ्याहून होडीने जावे लागेल, आणि तेही संबंधित खात्यांची रीतसर परवानगी घेऊन, कारण बेटावर दीपस्तंभ आहे आणि किनाऱ्यावर समुद्री कासवे अंडी घालतात. हाडांचे खडक पाहायचे असतील तर ओहोटीलाच पोहोचावे लागते. भरतीला ते पाण्याखाली असतात. ओहोटीच्या ओल्या खडकात गोट्यांच्या मध्ये एखादा तपकिरी, गोट्यापेक्षा निराळ्या पोताचा तुकडा दिसतो आणि त्याच्या मोडलेल्या बाजूवर बारीक छिद्रांची जाळी असते, ते हाड. तो जिथे आहे तिथेच राहू द्यावा.

जाण्याची आणि परतण्याची वेळ होडीवाला ठरवील, आपण नाही. खालच्या ओहोटीला होडी बेटाला लागत नाही, म्हणून पाणी उतरत असताना पोहोचून पाणी पुन्हा चढेपर्यंत तिथेच थांबावे लागते. बेटावर सावली फारशी नाही. पिण्याचे पाणी आणि टोपी बरोबर असू द्या, आणि भांगाचे दिवस निवडा. उधाणापेक्षा खडक कमी उघडे पडतील, पण ओढ सौम्य असेल आणि बरोबर घरची मंडळी असतील तर तेच बरे.